थांबलेल्या गाडीत एसी गरम, धावत्या गाडीत गार: पुन्हा गॅस भरावा की कॉम्प्रेसर बदलावा?

हणजुणेकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी, आठ वर्षे जुनी छोटी हॅचबॅक गाडी आहे आणि तिच्या एसीबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. घर हणजुण्याला, समुद्रापासून फारसे दूर नाही; शेड नसल्यामुळे गाडी बाराही महिने उघड्यावर असते. रोजचा प्रवास म्हापशाहून राष्ट्रीय महामार्ग ६६ने पर्वरीमार्गे पणजीला आणि संध्याकाळी परत, एवढाच.

मागच्या उन्हाळ्यात एसीचा गारवा हळूहळू कमी होत गेला. जवळच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली तेव्हा ‘गॅस कमी झाला आहे’ असे सांगून त्यांनी गॅस भरून दिला. काही आठवडे गाडी चांगली गार होत होती. त्यानंतर पुन्हा तीच तक्रार सुरू झाली आणि पुन्हा गॅस भरावा लागला. आता मात्र तक्रारीचे स्वरूपच बदलले आहे. म्हापशाहून निघाल्यावर एसी उत्तम चालतो, पण पर्वरीच्या कोंडीत गाडी उभी राहिली की पाच-दहा मिनिटांत गरम आणि दमट हवा येऊ लागते. मांडवीच्या पुलावर गाडीने वेग घेतला की थोड्याच वेळात पुन्हा गारवा येतो. ब्लोअरचा झोत कधीही कमी होत नाही, इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावरच असतो, आणि हवा गरम होण्याच्या सुमारास बोनेटखालून ‘टक्’ असा आवाज येतो.

पहिल्या गॅरेजचे म्हणणे असे की आणखी थोडा गॅस टाकला की काम होईल. दुसऱ्या एका ठिकाणी गाडी नुसती पाहून कॉम्प्रेसर बदलण्यास सांगितले, आणि तो खर्च गाडीच्या वयाच्या मानाने मोठा आहे. यांपैकी कोणाचे ऐकावे, आणि गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येईल, याचे मार्गदर्शन करावे.

फोंड्याचा एसी मेकॅनिक

दोघांचेही ऐकू नका. दोषाचे निदान होईपर्यंत तरी गाडीत एक ग्रॅमही गॅस टाकू देऊ नका.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो; कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन वाल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो आतल्या हवेची उष्णता शोषून पुन्हा वायू होतो. होज पाइप आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधून वर्षाकाठी अगदी थोडा गॅस झिरपतो, हे खरे. परंतु काही आठवड्यांत गारवा जाण्याइतका गॅस गेला असेल तर कुठे तरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणे ही दुरुस्ती नव्हे. आमच्या धंद्यात हे काम झटपट होते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते, म्हणून ते इतके चालते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र आपण आता जे लक्षण सांगत आहात ते गॅस कमी असल्याचे नाही. गॅस कमी असलेली गाडी महामार्गावरही अर्धवटच गार होते आणि तिचा कॉम्प्रेसर लागोपाठ चालू-बंद होत राहतो. आपली गाडी धावताना नीट गार होते, म्हणजे कॉइल, वाल्व्ह आणि कॉम्प्रेसर आपापले काम करीत आहेत. धावत्या गाडीत समोरचा वारा कंडेन्सरमधून जातो; उभ्या गाडीत तेच काम एकट्या पंख्याला करावे लागते. पंखा फिरला नाही, हळू फिरला, किंवा कंडेन्सर कचऱ्याने बुजला, तर उष्णता बाहेर पडत नाही, गॅसचा दाब वाढत जातो आणि एका मर्यादेला प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. आपण ऐकलेला ‘टक्’ हा बहुधा त्या वेळी कॉम्प्रेसरला इंजिनाच्या पट्ट्यावरच्या पुलीशी जोडणारा क्लच सुटण्याचा आवाज असावा.

घरी एवढे करून पाहा. गाडी मोकळ्या जागी उभी करून इंजिन आणि एसी चालू करा, ब्लोअर पूर्ण ठेवा आणि बोनेट उघडून पुढचे पंखे पाहा. आपल्यासारख्या अनेक गाड्यांत रेडिएटरचा आणि कंडेन्सरचा पंखा वेगवेगळा असतो. त्यामुळे इंजिनाचा काटा जागच्या जागी राहूनही एसीचा पंखा बंद असू शकतो. मग हवा गरम होऊ लागली की बागेच्या पाइपने कंडेन्सरवर समोरून पाण्याचा हलका फवारा मारा. मिनिटभरात गारवा परत आला, तर दोष उष्णता बाहेर टाकण्याच्या बाजूला आहे यात शंका उरत नाही. फवारा जोराचा नको, कारण कंडेन्सरच्या पत्र्याच्या पट्ट्या वाकतात; पाणी फ्यूज बॉक्सवर आणि वायरिंगवर उडवू नका; आणि बंद दिसणाऱ्या पंख्यात हात अजिबात घालू नका, तो कोणत्याही क्षणी सुरू होतो.

एक साधा थर्मामीटर डॅशबोर्डवरच्या, गार हवा येणाऱ्या मधल्या जाळीत खोचून धावताना आणि उभे असताना किती अंश येतात, तेही लिहून ठेवा. ‘गार वाटते’ आणि ‘गार वाटत नाही’ यावरून कोणालाही निदान करता येत नाही.

डिचोलीकर

मी मेकॅनिक नाही, पण खनिज वाहतुकीच्या रस्त्यालगत राहत असल्यामुळे या बाबतीत थोडे सांगू शकतो. आमच्याकडच्या गाड्यांचा कंडेन्सर समोरून स्वच्छ दिसतो, परंतु कंडेन्सर आणि त्याच्या मागचा रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत लाल माती, वाळलेली पाने आणि किडे यांचा थर बसलेला असतो. पावसाळ्यात तो भिजतो आणि उन्हाळ्यात घट्ट होतो. बंपर उतरवून वरून विजेरी टाकल्याशिवाय तो दिसत नाही, त्यामुळे पंखा फिरताना दिसला तरी तेवढ्यावर समाधान मानू नये.

दुसरे असे की धावताना गार आणि उभे राहिल्यावर गरम, याला क्लचही कारण असू शकतो. कॉम्प्रेसरच्या पुढच्या चकतीत आणि पुलीत साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर फट असते. चकती झिजून ही फट वाढली की थंड असताना क्लच पकडतो, पण बोनेटखाली उष्णता साचली आणि क्लचच्या विद्युतचुंबकाची कॉइल तापली की चुंबकाचा जोर कमी पडून तो सुटतो. कोंडीत बोनेटखाली उष्णता साचतेच, म्हणून दोन्ही दोषांचे लक्षण वरवर पाहता सारखेच दिसते. फरक ओळखण्यासाठी आमच्या वायरमनने केलेली तपासणी मला पटली: कॉम्प्रेसर सुटतो त्याच क्षणी क्लचच्या जोडणीवर मीटर लावायचा. तिथे १२ व्होल्टच्या आसपास वीज येत असूनही चकती फिरत नसेल तर दोष क्लचमध्ये. वीजच आलेली नसेल तर प्रेशर स्विचने, रिलेने किंवा इंजिनाच्या कंट्रोल युनिटने ती तोडलेली आहे आणि कॉम्प्रेसरला दोष देण्याचे कारण नाही. ज्या गाड्यांचा कॉम्प्रेसर क्लचशिवाय सतत फिरतो त्यांना ही तपासणी लागू होत नाही.

पावसाळ्यानंतर एकदा उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही पाहून घ्याव्यात. शेतालगत गाडी लावणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही.

हणजुणेकर

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. त्यातून हाती आलेले आकडे पुढे देत आहे.

बाहेर सुमारे ३२ अंश सेल्सिअस तापमान असताना, धावत्या गाडीत जाळीतली हवा १० ते ११ अंशांपर्यंत उतरते. गाडी उभी राहिल्यावर ती हळूहळू चढत जाऊन २५ अंशांच्या पुढे जाते. एसी चालू केल्यावर रेडिएटरमागचे दोन पंखे असायला हवेत त्यांपैकी एकच, तोही मधूनमधून फिरतो; दुसरा अजिबात फिरत नाही. कंडेन्सरवर पाण्याचा फवारा मारला तेव्हा खरोखरच थोड्याच वेळात पारा उतरू लागला. क्लच सुटतो त्या वेळी त्याच्या जोडणीवर वीज नसते, म्हणजे तो स्वतःहून सुटत नसून त्याची वीज तोडली जाते.

त्यानंतर म्हापशातील एका एसी मेकॅनिककडून गॅसचा दाब मोजणारे गेज लावून घेतले. गाडी उभी, एसी चालू, बंद पंखा तसाच ठेवून पाहिले असता लो साइडचा (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा) दाब ६० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आसपास होता आणि हाय साइडचा (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा) काटा चढत चढत ४३०च्या पुढे गेल्यावर कॉम्प्रेसर सुटला. बंद पंख्याच्या मोटारीला बॅटरीवरून थेट वीज दिली तरी ती फिरली नाही. फ्यूज आणि रिले ठीक आहेत. मोटार उघडली तेव्हा आत गंज होता आणि ब्रश संपलेले होते.

पंखा बदलला की काम झाले असे समजावे का? की पूर्वीच्या गळतीचा प्रश्न उरतोच?

फोंड्याचा एसी मेकॅनिक

उरतो. आपल्या गाडीत दोन वेगळे दोष एकावर एक बसले आहेत आणि त्यामुळेच लक्षण मध्येच बदलले.

आधी कॉम्प्रेसरविषयी. जो कॉम्प्रेसर उभ्या गाडीत ४३० पीएसआयपर्यंत दाब चढवतो तो कमकुवत असूच शकत नाही. कॉम्प्रेसर आतून झिजला असेल तर गेजवर याच्या उलट चित्र दिसते: लो साइड वर राहते आणि हाय साइड चढतच नाही, दोन्ही काटे एकमेकांकडे सरकतात. आपल्याला नुसती गाडी पाहून कॉम्प्रेसर बदलायला सांगणाऱ्याने गेज लावलेच नव्हते.

आर-१३४ए गॅसच्या गाडीत, आपल्याकडच्या ३२ अंशांच्या हवेत, इंजिन मिनिटाला सुमारे १,५०० फेऱ्यांवर असताना लो साइड ३० ते ४५ आणि हाय साइड २०० ते २५० पीएसआय असावी, असा माझा साधारण ठोकताळा आहे. दमट दिवशी दोन्ही थोडे वर जातात. दोन्ही आकडे खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर एक तर उष्णता बाहेर पडत नाही किंवा गॅस जास्त भरला आहे. लो साइड शून्याच्याही खाली जात असेल तर एक्स्पान्शन वाल्व्ह किंवा गॅसमधली ओल शोषणारा ड्रायर बुजला आहे. आणि काटे नीट असताना काही वेळाने लो साइड एकदम खाली जाऊन, गाडी थोडी विसावल्यावर पुन्हा पूर्ववत होत असेल, तर नळ्यांमध्ये ओल शिरली असून वाल्व्हच्या तोंडाशी बर्फ धरतो आहे. ब्लोअरचा झोत हळूहळू मंदावत जाऊन एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर परत येणे हा आणखी वेगळा प्रकार. त्यात कूलिंग कॉइलवरच बर्फ जमतो आणि कॉइलजवळचा थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा सेन्सर, तपासावा लागतो. आपण झोत कमी होत नाही असे सुरुवातीलाच लिहिले होते, म्हणून त्या वाटेला मी गेलोच नाही.

आपले दोन्ही आकडे वर आहेत. पंखा बंद आहे हे कारण तर सापडलेच, पण माझा संशय असा की गॅसही जास्त आहे. गळतीमुळे गॅस कमी झाला, तो वजन न करता, जाळीवर हात ठेवून गारवा बघत भरला. पंखा त्या वेळीच मंद फिरत असेल तर हाताला हवा पुरेशी गार लागत नाही आणि भरणारा आणखी भरत जातो. जास्त दाबाने गळतीची जागाही आणखी मोठी होते. म्हणून नवा पंखा बसवल्यावर गाडीतला सगळा गॅस मशीनने काढून त्याचे वजन करून घ्या. बोनेटखालच्या पट्टीवर किती ग्रॅम गॅस हवा ते छापलेले असते. छोट्या गाड्यांत ते बहुतेक चारशे-पाचशे ग्रॅमच्या घरात असते. काढलेल्या गॅसचे वजन आणि तो आकडा शेजारी ठेवले की वाद उरत नाही.

गळती शोधताना प्रथम डोळ्यांनीच बघावे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेल फिरते, त्यामुळे जिथून गॅस जातो तिथे तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. होज पाइपची दाबलेली टोके, पाइपच्या जोडावरच्या ओ-रिंगा, कॉम्प्रेसरचा पुढचा सील, आणि गॅस भरायच्या तोंडातली पिन या जागा आधी पाहाव्यात. त्या तोंडांवरची प्लॅस्टिकची झाकणे गॅरेजमध्ये हरवतात आणि कोणी मागतही नाही. वास्तविक पिन किंचित गळत असेल तर तेच झाकण गॅस अडवते. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत मला सर्वांत जास्त वेळा कंडेन्सरचा खालचा कोपरा खाल्लेला सापडतो. खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, बंपरच्या आत ओल टिकून राहते आणि बारीक छिद्रे पडतात. आपल्या गाडीतही मी तिथूनच सुरुवात केली असती.

वास्कोचा निवृत्त प्रशिक्षक

चर्चा योग्य दिशेने चालली आहे. दोन-तीन गोष्टींची भर घालतो, कारण त्यांबाबत गॅरेजमध्ये फार गैरसमज आढळतो.

पहिली गोष्ट बंद गाडीतल्या दाबाची. इंजिन बंद असताना गेज लावून ‘दाब बरोबर आहे, म्हणजे गॅस पुरेसा आहे’ असे सांगितले जाते. नळ्यांमध्ये द्रवरूप गॅसचा थोडासाही अंश शिल्लक असेल तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. आर-१३४एचा दाब ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय असतो, मग आत दीडशे ग्रॅम असोत की पाचशे. त्या आकड्यावरून एवढेच कळते की गाडी पूर्ण रिकामी झालेली नाही. गॅसचे प्रमाण ठरवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे तो काढून वजन करणे.

दुसरी गोष्ट गळतीच्या चाचणीची. पंपाने नळ्यांतली सगळी हवा ओढून घेऊन, म्हणजे व्हॅक्यूम काढून, गेजचा काटा अर्धा तास हलला नाही म्हणजे गळती नाही, असे मानण्याची पद्धत आहे. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा नळीवर फार तर १४.७ पीएसआयने दाबते, तेही बाहेरून आत. चालत्या एसीत आतला दाब दोनशेच्या पुढे असतो आणि तो आतून बाहेर ढकलतो. सूक्ष्म छिद्र व्हॅक्यूमच्या चाचणीत सहज सुटते. कोरडा नायट्रोजन सुमारे १५० पीएसआयपर्यंत भरून साबणाचा फेस लावावा आणि काटा बराच वेळ पाहावा. नायट्रोजनऐवजी टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची हवा भरू देऊ नये, कारण तिच्यात बाष्प असते, आणि आर-१३४ए सहसा पेटत नसला तरी दाबाखालील हवेत मिसळल्यावर पेट घेऊ शकतो. ऑक्सिजन तर कदापि नको. दाबाखालील ऑक्सिजनचा तेलाशी संबंध आला की स्फोट होतो.

डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल गळत असल्याचा संशय असेल तर ती उतरवण्याची घाई करू नये. हा गॅस हवेपेक्षा सुमारे साडेतीन पट जड आहे. गाडी आणि ब्लोअर बंद करून काही वेळ थांबावे, म्हणजे गळालेला गॅस खाली साचतो, आणि कॉइलचे पाणी गाडीखाली जिथून टपकते त्या नळीच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक शोधक धरावा. तिथे तो वाजला नाही तर डॅशबोर्ड वाचला. रंगद्रव्य टाकून निळ्या-जांभळ्या दिव्याने पाहण्याची पद्धतही चांगली आहे, फक्त तिला काही दिवस गाडी चालवावी लागते.

गळती आपोआप बुजवणारी रसायने बाजारात मिळतात. ती टाकू नयेत; त्यांनी एक्स्पान्शन वाल्व्ह तर बुजतोच, पण पुढे गॅस काढणारे मशीनही खराब होते, आणि म्हणूनच असे रसायन टाकलेली गाडी अनेक चांगली गॅरेजेस हातात घेत नाहीत. तसेच स्वस्तातला म्हणून कोणी स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा हायड्रोकार्बन वायू भरून देऊ लागला तर ठाम नकार द्यावा. तो गारवा देतो हे खरे आहे. परंतु कूलिंग कॉइल ही प्रवाशांच्या समोर, बंद केबिनच्या हवेत असते, आणि तिथे ज्वलनशील वायूची गळती काय करील हे वेगळे सांगायला नको.

जाता जाता एक. जुना गॅस नळी सैल करून हवेत सोडून देणे ही सर्रास पद्धत आहे. आर-१३४एचा तापमानवाढीचा प्रभाव शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट मानला जातो, म्हणजे अर्धा किलो गॅस सोडणे हे सुमारे तीनशे लिटर पेट्रोल जाळण्याइतके होते. माँट्रियल करारातील २०१६च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१मध्ये मान्यता दिली असून त्यानुसार अशा वायूंचा वापर आपल्याकडे २०२८पासून गोठवला जाऊन पुढे टप्प्याटप्प्याने कमी व्हायचा आहे. त्यामुळे गॅस काढून साठवणारे मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच गाडी द्यावी, असा माझा आग्रह राहील.

हणजुणेकर

सर्वांचे मनापासून आभार. काम पूर्ण झाले असून त्याचा तपशील, पुढे कोणाला उपयोगी पडेल म्हणून, देत आहे.

पंख्याची मोटार बदलली. गॅस मशीनने काढला तेव्हा त्याचे वजन ६०० ग्रॅमच्या थोडे वर आले. बोनेटखालच्या पट्टीवर ४५० ग्रॅम छापलेले आहे, म्हणजे फोंड्याच्या मित्रांचा संशय खरा ठरला. नायट्रोजन भरल्यावर कंडेन्सरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, बंपरच्या कंसाआड, बारीक बुडबुडे आले. त्या जागी पांढरी भुकटी आणि तेलकट माती होती. वेल्डिंग करून देण्याची तयारी दाखवली गेली होती, परंतु आजूबाजूची जाळीही खाल्लेली दिसत असल्यामुळे नवा कंडेन्सर घेतला. आमच्या गाडीत ड्रायर कंडेन्सरच्या कडेलाच जोडलेला असल्याने तोही त्याबरोबर नवा आला. जुन्या कंडेन्सरबरोबर गेलेल्या तेलाची भरपाई कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे केली, उघडलेल्या प्रत्येक जोडाला नव्या ओ-रिंगा घातल्या, पाऊण तास व्हॅक्यूम काढला आणि वजन करून ४५० ग्रॅम गॅस भरला. आता उभ्या गाडीत लो साइड ३८ आणि हाय साइड २३० पीएसआय आहे. भरण्याच्या तोंडांवर झाकणे बसवून घेतली.

पर्वरीच्या कोंडीतही आता गारवा टिकतो. एकच शंका उरली आहे. बेळगावला राहणाऱ्या मेव्हण्याकडे याच मॉडेलची गाडी आहे आणि तिच्या जाळीत दुपारी ३५ अंशांच्या उन्हातही ७ अंश तापमान येते. माझ्याकडे ३२ अंशांना ११च्या खाली पारा जात नाही. काही तरी अजून राहिले आहे का?

वास्कोचा निवृत्त प्रशिक्षक

काहीही राहिलेले नाही. आपले दोन्ही दाब अपेक्षित मर्यादेत आहेत, त्यामुळे यंत्रणेत दोष शोधण्यात अर्थ नाही. फरक हवेचा आहे.

एसीला हवा फक्त गार करायची नसते, तिच्यातली वाफही काढायची असते. आपल्याकडे ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे आणि तिथल्या कोरड्या उन्हाळी दुपारी, ३५ अंश आणि २५ टक्के आर्द्रता धरली तर, तेवढ्याच हवेत जेमतेम १० ग्रॅम वाफ भरते. हवा १० अंशांपर्यंत गार केली की तिच्यात नऊ-साडेनऊ ग्रॅमच वाफ मावते. म्हणजे मेव्हण्यांच्या कॉइलला जवळजवळ काहीच पाणी काढावे लागत नाही, आणि आपल्या कॉइलला प्रत्येक घनमीटरमागे सुमारे १४ ग्रॅम काढावे लागते. वाफेचे पाणी होताना दर ग्रॅमला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता सुटते. हिशेब केला तर बाहेरची ताजी हवा घेतल्यास आपल्या एसीची निम्म्याहून अधिक शक्ती हवा कोरडी करण्यातच खर्च होते. गाडीखाली पाण्याचे थारोळे साचते ते याच कामाचे.

यावर उपाय एकच आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. गाडी सुरू केल्यावर काचा उघडून आतली तापलेली हवा मिनिटभर बाहेर जाऊ द्यावी, नंतर काचा लावून हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबावे. मग तीच कोरडी झालेली हवा कॉइलवर पुन्हापुन्हा येते आणि पारा दोन-तीन अंश आणखी उतरतो. लांबच्या प्रवासात मधूनमधून थोडा वेळ बाहेरची हवा आत घ्यावी, नाहीतर आत कार्बन डायऑक्साइड साचून चालकाला सुस्ती येते. केबिन फिल्टर कधी बदलला होता तेही पाहा. तो चोंदलेला असेल तर पारा खाली दिसेल, पण मागच्या आसनावर बसलेल्यांना गारवा पोहोचणार नाही.